वकील नेमका कोणाचा? आईवडिलांच्या कागदांसाठी वकील निवडताना

माझ्या आत्यानं सांगलीजवळचं राहतं घर मुलाला बक्षीसपत्रानं दिलं, त्या सगळ्या कामाला एक दुपार लागली. दुय्यम निबंधकाच्या ऑफिससमोर दस्त टाइप करून देणारं दुकान होतं, तिथं कागद तयार झाले. आत फोटो आणि अंगठा झाला, आणि बाहेर येऊन सगळ्यांनी उसाचा रस प्यायला. राहतं घर किंवा शेतजमीन मुलामुलीला, नवराबायकोला किंवा नातवंडांना बक्षीस दिली तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क अवघं २०० रुपये आहे (वरचे स्थानिक अधिभार वेगळे). इतक्या स्वस्तातल्या कामाला वकील कशाला, असं घरात सगळ्यांनाच वाटलं. मलाही वाटलं.

तीन वर्षांनी घरात कुरबुरी सुरू झाल्या आणि आत्या लेकीकडे राहायला गेली. तेव्हा आम्ही तो दस्त पहिल्यांदा ओळ न् ओळ वाचला. सहा पानं होती. चतुःसीमा होत्या, सिटी सर्व्हे नंबर होता, ‘प्रेमापोटी व मायेपोटी’ हे शब्द दोनदा होते. आत्या हयातभर या घरात राहील आणि तिचं खाणंपिणं, औषधपाणी मुलगा बघेल, हे एक वाक्य मात्र सहा पानांत कुठंही नव्हतं.

त्या वाक्याची किंमत कायद्यात लिहिलेली आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह आणि कल्याणाचा कायदा २००७ साली आला. त्याचं कलम २३ असं सांगतं की, म्हाताऱ्या माणसानं ‘माझ्या मूलभूत गरजा भागवाव्यात’ या अटीवर मालमत्ता दिली असेल आणि घेणाऱ्यानं ती अट मोडली, तर तो व्यवहार फसवणुकीनं किंवा दबावाखाली झाला असं धरून न्यायाधिकरण तो रद्द करू शकतं. कलम उभं राहतं ते त्या अटीवर. अट नसेल तर काय? सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२२ मध्ये एका निकालात सांगितलं की अट होती हे सिद्ध झालंच पाहिजे, नुसतं नातं पुरेसं नाही. मग जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका आईच्या प्रकरणात त्याच न्यायालयानं बक्षीसपत्र रद्द केलं, घराचा ताबा तिला परत द्यायला सांगितलं आणि हा कायदा म्हाताऱ्या माणसांच्या बाजूनं उदारपणे वाचावा असं म्हटलं. पण त्या आईकडे मुलानं वेगळ्या कागदावर लिहून दिलेलं वचनपत्र होतं. आत्याकडे तेही नव्हतं.

दस्त टाइप करून देणाऱ्यानं फसवलं असं मी म्हणत नाही. त्याला सांगितलं तेवढं त्यानं केलं. पण सांगणारा मुलगा होता, पैसे देणाराही मुलगाच होता, आणि घर मात्र आत्याचं होतं. त्या दुपारी आत्याच्या बाजूनं विचार करणारं तिथं कुणीच नव्हतं. आईवडिलांसाठी वकील शोधताना मी आता सगळ्यात आधी हेच बघतो: हा वकील नेमका कोणाचा?

आपल्याकडे म्हाताऱ्या माणसांची कायद्याची कामं घरातलं कुणीतरी ‘करून देतं’. मुलगा ओळखीचा वकील गाठतो, फीचं बोलतो, मजकूर सांगतो आणि बाबांना सहीपुरतं नेतो. हेतू बहुतेक वेळा चांगलाच असतो. पण उद्या भावंडांत वाद झाला की हाच चांगला हेतू कोर्टात अंगाशी येतो. मृत्युपत्राचा ज्याला फायदा होतो त्यानंच ते करवून घेण्यात पुढाकार घेतला असेल, तर न्यायालय ती संशयास्पद परिस्थिती मानतं आणि तो संशय दूर करण्याची जबाबदारी त्याच्यावरच टाकतं. सर्वोच्च न्यायालयानं १९५९ साली घालून दिलेलं हे सूत्र आजही लागू होतं. म्हणजे बाबांच्या मनात खरोखर तेच असलं, तरी मुलाच्या वकिलानं मुलाच्या सांगण्यावरून लिहिलेलं मृत्युपत्र मुलालाच जड जाऊ शकतं.

बाबांच्या मृत्युपत्रासाठी आम्ही पुण्यात ज्या वकीलबाईंकडे गेलो, त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत मला विचारलं, “तुम्ही जरा बाहेर बसता का?” मला ते लागलं. फी मी देणार होतो, गाडी मी चालवत आलो होतो, फाइल माझ्या हातात होती. त्या शांतपणे म्हणाल्या, “पैसे कुणीही द्या, माझे पक्षकार हे आहेत.” मग बाबांकडे वळून त्यांनी मोठ्या आवाजात विचारलं, “काका, ऐकू येतंय ना नीट? सावकाश सांगा, मला घाई नाही.” मी बाहेरच्या बाकावर चाळीस मिनिटं बसलो. तिथं बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं की आत्याच्या वेळी असं कुणीही कुणालाही बाहेर बसवलं नव्हतं.

तुमच्या वकिलानं तुम्हाला बाहेर बसवलं तर रागावू नका, आणि आपणहून बसवलं नाही तर तुम्हीच सुचवून बघा. ‘त्याची काही गरज नाही, तुम्ही सांगा काय लिहायचं’ असं उत्तर आलं, तर मी तिथून उठेन.

आता ‘पात्र’ वकील ओळखायचा कसा? अमेरिकेत वृद्धांच्या कायद्याची वेगळी शाखा आहे. तिथं नॅशनल एल्डर लॉ फाउंडेशन परीक्षा घेऊन वकिलांना या विषयातलं प्रमाणपत्र देतं, त्यामुळे तिकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना निदान सुरुवात कुठून करायची ते कळतं. भारतात तसं काही नाही. वकिलांची नोंदणी आणि शिस्त बघणारी बार कौन्सिल कोणत्याही विषयातल्या तज्ज्ञतेचं प्रमाणपत्र देत नाही. पाटीवर किंवा व्हॉट्सॲपवर कुणी ‘ज्येष्ठ नागरिक कायदा तज्ज्ञ’ लिहिलं असेल, तर ते त्याचं स्वतःचं म्हणणं आहे. शिवाय बार कौन्सिलच्या नियम ३६ नुसार वकिलानं जाहिरात करणं आणि कामं मागत फिरणं दोन्ही मना आहे. जो जितक्या जोरात जाहिरात करतो त्याच्याकडे मी तितकं जपून बघतो.

निदान वकील आहे की नाही, एवढं तरी तपासता येतं. महाराष्ट्र आणि गोव्याच्या बार कौन्सिलची सनद मिळालेल्या प्रत्येकाला नोंदणी क्रमांक असतो, त्यात सनदेचं वर्षही असतं. २००९-१० पासून पदवी घेतलेल्यांना अखिल भारतीय बार परीक्षाही उत्तीर्ण व्हावी लागते. क्रमांक विचारण्यात गैर काही नाही, खरा वकील तो सहज सांगतो. मग ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर वकिलाच्या नावानं शोध घेतला की त्या जिल्ह्यात त्याची कोणत्या प्रकारची प्रकरणं चालू आहेत ते दिसतं. सगळी चेक बाउन्सची असतील, तर वडिलांच्या वाटणीच्या दाव्यासाठी तो योग्य नसावा. उलट मृत्युपत्रं आणि दस्त करण्यातच आयुष्य घालवलेल्या वकिलाचं नाव तिथं फारसं दिसणार नाही, म्हणून यादी लहान दिसली तरी लगेच नाक मुरडू नये.

ओळखीतून नाव हवं असेल तर भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघात विचारा. ‘चांगला वकील कोण’ असं विचारू नका. ‘तुमचं मृत्युपत्र कुणी केलं, त्यांनी किती वेळा बोलावलं, नंतर बदल करायला गेलात तेव्हा कसे वागले’ असं विचारा. उत्तरं अगदी वेगळी येतात.

खरी परीक्षा पहिल्या भेटीत होते, आणि ती घ्यायला कायद्याची पदवी लागत नाही. दोन-तीन प्रश्नांची खरी उत्तरं आपल्याला आधी माहीत असली की पुरतं. मी ज्याला सगळ्यात जास्त महत्त्व देतो, तो प्रश्न कुलमुखत्यारपत्राचा आहे. सोप्या भाषेत पॉवर ऑफ ॲटर्नी.

घरोघरी असा समज असतो की बाबांची विसरायची सुरुवात झाली की पॉवर ऑफ ॲटर्नी करून ठेवावी, म्हणजे पुढं त्यांना काही समजेनासं झालं तरी आपण बँक आणि घर बघू शकू. मुलगा परदेशात आणि मुलगी इथं अशा घरांत तर हे हमखास ऐकू येतं. पण भारतीय करार कायद्याचं १८७२ सालचं कलम २०१ स्पष्ट आहे: मुखत्यारपत्र देणारा वारला किंवा त्याची मानसिक क्षमता गेली, की प्रतिनिधीचा अधिकार संपतो. म्हणजे ज्या दिवसासाठी तो कागद करून ठेवला, नेमका त्याच दिवशी तो निरुपयोगी होतो. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये क्षमता गेल्यावरही टिकणारं मुखत्यारपत्र करता येतं. तिथं राहणारी मुलं तेच गृहीत धरून इकडे फोनवर सल्ला देतात आणि घोटाळा होतो. इथं क्षमता गेल्यावर न्यायालयाकडून पालक नेमून घ्यावा लागतो. कोमात गेलेल्या रुग्णांच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयानं रिट याचिकांवर तसे आदेश दिले आहेत. पण ती वाट वेळेची आणि खर्चाची आहे.

म्हणून वकिलाला विचारा, “बाबांचा स्मृतिभ्रंश वाढला तर हे मुखत्यारपत्र चालेल का?” जो ‘हो, काळजी करू नका’ म्हणेल त्याचे आभार मानून निघा. ज्याला विषय कळतो तो आधी तुम्हालाच विचारेल: आज त्यांना किती समजतं? डॉक्टर काय म्हणतात? बँकेतली खाती जोडीनं आहेत का, आणि दोघांपैकी कुणालाही चालवता येतील अशी आहेत का? आता हातात वेळ आहे तोवर काय काय उरकता येईल, हे तो सांगेल. आजाराचं निदान झालं म्हणजे सगळी दारं बंद झाली असंही नसतं. भारतीय वारसा कायद्यानुसार मन ठिकाणावर असताना केलेलं मृत्युपत्र चालतं, एरवी माणूस भ्रमात असला तरी. मात्र तसं होतं हे पुढं सिद्ध करता आलं पाहिजे. म्हणून जाणता वकील त्याच दिवशीचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र मागतो, शक्यतो डॉक्टरांनाच साक्षीदार करतो आणि बाबांना सकाळी बोलावतो, कारण अशी बरीच माणसं सकाळी जास्त हुशारीत असतात. आमच्या वकीलबाईंनी सकाळी साडेदहाची वेळ दिली होती आणि आदल्या रात्री झोप लागली का, हेही फोन करून विचारलं होतं.

दुसरा प्रश्न नॉमिनीचा. “सोसायटीत आणि बँकेत नॉमिनी केलंय, मग मृत्युपत्र कशाला?” बरोबर उत्तर असं आहे की नॉमिनी हा साधारणपणे सांभाळणारा असतो, मालक वारस असतात. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये हे पुन्हा सांगितलं. यात जो अडखळतो, त्याच्याकडून वाटणीचे कागद करून घेऊ नयेत.

मृत्युपत्राबद्दलचे साधे नियमही त्याच्या तोंडून ऐका. स्टँप पेपर लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. दोन साक्षीदार लागतात, आणि त्या दोघांनीही मृत्युपत्र करणाऱ्याला सही करताना पाहिलेलं असावं किंवा ती सही आपली असल्याचं त्याच्या तोंडून ऐकलेलं असावं. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये. मृत्युपत्र हयातीत कितीही वेळा बदलता येतं, नोंदवलेलं बक्षीसपत्र मनात आलं म्हणून फिरवता येत नाही. म्हणून कुणी घाईनं ‘बक्षीसपत्रच करून टाका, वीस मिनिटांचं काम आहे’ म्हणालं तर माझ्या पोटात गोळा येतो. मालमत्ता हयातीत देण्याची खरंच गरज आहे का, हे आधी विचारणारा वकील हवा. आणि द्यायचीच असेल तर सांभाळाची अट स्वतःहून सुचवणारा.

आई किंवा वडील आधीच अडचणीत असतील, मुलं बघत नसतील, तर प्रश्न बदलतो. २००७ च्या कायद्याखाली दाद मागायची ती प्रांतांकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांसमोरच्या न्यायाधिकरणात. वय ६० पूर्ण हवं, पण आईवडिलांना पोटच्या किंवा दत्तक मुलांविरुद्ध त्याआधीही अर्ज करता येतो. दरमहा जास्तीत जास्त १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मिळू शकतो, आणि नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल लावावा असं कायदा म्हणतो. निकाल विरोधात गेला तर ६० दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं.

इथं एक गोष्ट लोकांना माहीत नसते. या कायद्याच्या कलम १७ नुसार न्यायाधिकरणात कोणत्याही पक्षातर्फे वकील उभा राहू शकत नाही. म्हाताऱ्या माणसासमोर मुलानं महागडा वकील उभा करू नये, हा त्यामागचा विचार. केरळ उच्च न्यायालयानं २०२१ मध्ये ही बंदी वकिलांच्या कायद्याशी विसंगत ठरवली. आपल्या प्रांतांसमोर प्रत्यक्षात काय चालतं, हे तिथं पायऱ्या झिजवलेल्या वकिलालाच ठाऊक असतं. म्हणून ‘मी बघतो सगळं’ या आश्वासनावर पैसे देण्याआधी विचारा: तुम्ही स्वतः उभे राहाल की अर्ज लिहून द्याल? नुसता अर्ज नीट लिहून देणं, औषधांची बिलं आणि बँकेचे उतारे तारखेनुसार लावून देणं आणि ‘तिथं काय विचारतील, काय सांगा’ याची तयारी करून घेणं, हेही मोठं काम आहे. आत्याच्या अर्जाचं हेच काम एका तरुण वकिलानं अतिशय मन लावून केलं. घर परत मिळालं नाही, पण दरमहा ठरलेली रक्कम खात्यावर जमा होऊ लागली.

पैशाची अडचण असेल तर मोफत विधी सेवा आहे. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रियांना, अनुसूचित जातीजमातींच्या आणि अपंग व्यक्तींना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. म्हणजे आईला तो हक्कानं मिळतो, मुलगा कितीही कमवत असला तरी. प्रत्येक जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं आणि त्यांचा फोन १५१०० आहे. ज्येष्ठांसाठीची मदतवाहिनी १४५६७.

फीबद्दल बोलायला आपण संकोचतो, पण मोकळेपणानं बोलावं. वकिलाची फी किती आणि स्टँप, नोंदणी, टायपिंग, झेरॉक्स किती, हे वेगवेगळं लिहून मागा आणि पावती घ्या. ‘आत्ता काही देऊ नका, घर मिळालं की दहा टक्के द्या’ असा सौदा कुणी सुचवला तर नाही म्हणा. निकालावर अवलंबून फी ठरवणं किंवा मिळालेल्या मालमत्तेत वाटा घेणं बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही. मूळ कागद लागतील तेव्हाच द्या, एरवी झेरॉक्स द्या. फी थकली म्हणून वकील पक्षकाराची फाइल अडवून ठेवू शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००० साली सांगितलेलं आहे. वकीलपत्रावर सही करण्याआधी ते आईबाबांना वाचून दाखवा. त्यात तडजोड करण्याचा अधिकारही दिलेला असू शकतो. कोऱ्या कागदावर सही करू नका, कितीही जवळचा माणूस मागत असला तरी.

हे सगळं आधी तपासायचं, कारण नंतर दाद मागण्याची वाट अरुंद आहे. वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा मे २०२४ चा निकाल आहे. गैरवर्तनाची तक्रार राज्याच्या बार कौन्सिलकडे करता येते, पण तोवर दस्त नोंदवून झालेला असतो.

गोव्यात घर किंवा बागायत असेल तर गोव्याचाच वकील बघा. तिथं वारसाहक्काचा कायदा वेगळा आहे, निम्मी मालमत्ता ठरावीक वारसांसाठी राखीव असते आणि ती मृत्युपत्रानं दुसऱ्याला देता येत नाही. पुण्या-मुंबईच्या वकिलाला हे माहीत असेलच असं नाही.

बाबांच्या मृत्युपत्राला दोन महिने लागले. तीनदा जावं लागलं. दुसऱ्या वेळी बाबांनी मजकूर ऐकून एक परिच्छेद बदलायला सांगितला आणि वकीलबाईंनी तो विनातक्रार बदलला. नोंदणीच्या दिवशी बाबांचा शेजारी मित्र आणि आमचे डॉक्टर साक्षीला आले. मूळ प्रत बाबांनी कपाटात घराच्या करारनाम्याच्या पिशवीत ठेवली आहे, वकीलबाईंचा नंबर कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे, आणि हे दोन्ही कुठं आहे ते मला आणि ताईला एकत्र बसवून सांगितलं. त्यात काय लिहिलंय ते त्यांनी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.